मानेच्या एक्स-रेतली सूज

प्रश्न : वडील (वय ६२) केळीचे घड भरताना ट्रॉलीवरून कपाळावर पडले. मानेच्या एक्स-रेच्या रिपोर्टात ‘फ्रॅक्चर दिसत नाही, तिसऱ्या मणक्यासमोर मऊ भागाची जाडी ११ मि.मी.’ असं आहे. डॉक्टर जळगावला सीटी करा म्हणतात. हाड शाबूत असताना खर्च कशाला? कॉलर काढू का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : कॉलर काढू नका आणि सीटी आजच करा. बाजूने काढलेल्या एक्स-रेत मणक्याच्या पुढच्या कडेपासून घशातल्या हवेच्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजतात. मोठ्या माणसात ते दुसऱ्या मणक्यासमोर ६, तिसऱ्यासमोर ७ आणि सहाव्यासमोर २२ मि.मी.पर्यंत चालतं. खाली आकडा वाढतो, कारण तिथे मध्ये अन्ननलिका येते. हेच ११ सहाव्या मणक्यासमोर असते तर कुणी दखलही घेतली नसती. वर मात्र एवढी जाडी म्हणजे साकळलेलं रक्त असू शकतं. त्यामागे साध्या फिल्मवर न दिसणारी बारीक चीर किंवा फाटलेला अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा) असू शकतो.

हा आकडा फसवूही शकतो. फोटो काढताना पेशंटने आवंढा गिळला, मान पुढे झुकली किंवा घशात नळी असली, तर जाडी उगाच वाढते. एक्स-रे मशीनची ट्यूब सहा फुटांऐवजी जवळ ठेवली तरी सावली फुगते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फिल्मच्या फोटोवरून तर मि.मी. मोजूच नयेत. शिवाय सातवा मणका भरल्या खांद्यांआड लपला असेल, तर ‘फ्रॅक्चर नाही’ हा शेरा अर्धवटच.

सूज नसती तरी निर्धास्त होता आलं नसतं. बऱ्याच इजांत ती दिसतच नाही. सीटीत हाड कळतं. अस्थिबंध आणि मज्जारज्जूसाठी एमआरआय लागतो. या वयात मणके झिजलेले असले, की कपाळावर पडल्यावर हाड न मोडताही मज्जारज्जू चेमटतो. मग पाय चालतात, पण हातांना मुंग्या येतात, पेला निसटतो. असं काही असेल तर सीटी चांगला आला तरी थांबू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगा. आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वासाला घरघर लागली, तर सूज श्वासनलिका दाबतेय असं समजून १०८ला फोन करा. एरवीही मोटारसायकलवर किंवा बसमधून नेऊ नका. आडवं झोपवून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या लावून न्या.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाच्या एक्स-रेतही अशीच सूज आली, पण तो खूप रडत होता.
— एक आजी, शिरपूर

उत्तर : रडताना, श्वास सोडताना लहान मुलांत हा भाग फुगतोच. मूल शांत झाल्यावर, श्वास घेताना पुन्हा फोटो काढतात. पडलेलं असेल तर त्यासाठी मान मागे करू देऊ नका.