टार्गेट रायफलसाठी काडतुसं स्वतः भरायला कुठे शिकता येईल? कोच म्हणतात, हा नाद सोड

तुमच्या प्रश्नात ते शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. माझे सरही हेच म्हणाले होते, आणि तेही भर रेंजवर, बाराएक पोरांसमोर.

आधी तुमचं काम उरकतो. तुम्ही पॉइंट टू-टू (.22 इंची छोटं काडतूस) मारत असाल तर विषयच नाही. त्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो, पिन आपटली की ती कड चेपते आणि केस, म्हणजे पितळी नळी, बाद होते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची (पालथं पडून मारायचा प्रकार) विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, ते कारखान्यातून आलेल्या काडतुसांवरच. हाताने भरणं चालतं ते 300 मीटरच्या सेंटरफायर रायफलींना, त्यांच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध असतो. आणि काडतुसं बनवणं हेही 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्याचं प्रकरण आहे. रायफलचा परवाना खिशात आहे म्हणून घरच्या टेबलावर बसून भरता येतील, असं समजू नका.

मग राहतं काय? निवडणं. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट, म्हणजे एका वेळी बनलेले दोन घाणे, एका बॅरलमधून वेगवेगळे जातात. लापुआ या काडतुसांच्या कंपनीचं जर्मनीत श्योनेबेकला केंद्रच आहे, नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमेल तो उचलतात. आपण ठाणेकर काय करणार? मी जे केलं ते सांगतो.

मी 10 मीटर एअर रायफल मारायचो. स्कोअर 590 च्या आसपास अडकलेला (दशांश गुण धरून, 654 पैकी). कुठेतरी वाचलं की छर्रे तोलून घ्यावेत. मामा नौपाड्यात एका सराफाकडे कामाला. हिऱ्यांचा काटा, मिलिग्रॅम दाखवणारा, रविवारी दुकान बंद असताना त्याने वापरू दिला. रायफलचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, म्हणजे 2.65 कॅरेट. मामा कॅरेटमध्येच वाचून दाखवायचा, मी लिहायचो. पाचशे छर्रे, चिमट्याने एकेक. स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, चेपायला नको म्हणून डोक्याकडून धरायचा. बाहेर पाऊस, एसी बंद, घामाचा थेंब पडला की काटा पुन्हा शून्यावर आणायचा. 0.526 पासून 0.537 पर्यंत सात डब्या झाल्या. फिल्मच्या रोलच्या त्या काळ्या डब्या, आठवत असतील तर.

सोमवारी सरांनी त्या डब्या पाहिल्या. म्हणाले, ''आले बघा ठाण्याचे सोनार! अरे, छर्रा नाही चुकत, बोट चुकतं.'' सगळे हसले. तेव्हापासून क्लबात माझं नाव सोनार. अजूनही दोघंतिघं त्याच नावाने फोन करतात.

मी चिडलो. वागळे इस्टेटमध्ये मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडून जाड प्लेटचा एक ठोकळा करून घेतला. रायफलचा लाकडी स्टॉक काढायचा, स्टॉकच्याच स्क्रूंवर ॲक्शन (बॅरलमागची यंत्रणा) त्या ठोकळ्याला कसायची आणि ठोकळा वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात. बॅरल कशालाही टेकता कामा नये, हे पहिल्या दिवशी चुकलं होतं. वर्कशॉपच्या मागच्या बोळात दहा मीटर मोजून चार प्रकारचे छर्रे मारले, प्रत्येकी पाच. एका प्रकारच्या डबीचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 5.2 मिमी. छर्राच 4.5 चा, म्हणजे जवळपास एकच भोक! मी त्या डबीचा अख्खा क्रेट घेतला, क्लबातल्या एका ज्युनिअर पोरालाही घ्यायला लावला, त्याच्या बाबांचे पैसे.

जिल्हा स्पर्धेत आम्ही दोघंही आधीपेक्षा खाली.

पुन्हा वाइसला गेलो आणि या वेळी तीस-तीस मारले. ती 5.2 वाली डबी 6.9 वर गेली. जी डबी मी नाकारली होती, 4.50 मिमी डोक्याच्या छर्ऱ्यांची, ती तीस छर्ऱ्यांनंतरही 6 च्या आत. पाचांत माझं नशीब चांगलं होतं, एवढंच. वजनाच्या सात डब्यांत तर काही फरकच सापडला नाही. डोक्याच्या मापात सापडला. 4.49 आणि 4.50 हे दोन्ही मारून बघाच, प्रत्येक बॅरलची आवड वेगळी.

आता सरांचं. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं आणि 0.1 गुण म्हणजे पाव मिलिमीटर. तुमच्या हाताचा फैलाव 3 मिमी असेल आणि छर्ऱ्याचा 1, तर एकत्र 4 होत नाही. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: 3.16. म्हणजे 590 वर छर्ऱ्याने काही होत नव्हतं, सर बरोबर होते. पण हात दीड मिलिमीटरवर आला की तोच 1 मिमी फैलाव 1.8 करतो, आणि 625 च्या पुढे जायचं तर तो दिसतो. हे त्यांनी एका कागदावर मांडून दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. बारा पोरांना हसवणं सोपं वाटलं. शिकणाऱ्याने का विचारलं म्हणून त्याचं नाव ठेवणाऱ्याला मी कोच म्हणत नाही, कितीही मेडल्स काढलेली असोत.

तेव्हा तुमचा स्कोअर किती ते आधी सांगा. 600 च्या खाली असाल तर पैसे ट्रेनिंगवर घाला. (हो, सरांचंच म्हणणं झालं हे.) त्यापुढे असाल तर तीन-चार लॉट मागवा, वीसपेक्षा कमी शॉट मारून मत बनवू नका, आणि जो आवडेल तो एकदम जास्त घ्या, नंतर तो लॉट मिळत नाही.

पावसाळ्यात शिशाच्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते, आपल्या खाडीच्या हवेत तर पटकन. डबी घट्ट लावून सिलिका जेलबरोबर ठेवा. आणि हात धुतल्याशिवाय वडापाव खाऊ नका, शिसं आहे ते.

तुमचे सर ठाण्याचेच असतील आणि कुणाला सोनार म्हणत असतील तर कळवा. तीस शॉटचं ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे, पोस्टाने पाठवतो.