जावास्क्रिप्टमध्ये '1.5रेम' किंवा 'कॅल्क(100% - 20पीएक्स)' अशा स्ट्रिंगमधून आकडा आणि युनिट वेगळं कसं काढायचं? पार्सफ्लोटने जमत नाहीये.

पार्सफ्लोटला सीएसएस कळत नाही. '1.5रेम'मधून तो 1.5 देतो, रेम गळून जातं; कॅल्क दिसलं की थेट नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. पण म्हणून स्वतःचा रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना) लिहायला बसू नका, ही कळकळीची विनंती. सीएसएसचा खरा पार्सर ब्राउझरमध्ये आहेच आणि टाइप्ड ओएममुळे (सीएसएसच्या व्हॅल्यू स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट म्हणून देणारी ब्राउझरची सोय) तो आपल्यालाही वापरता येतो.

सीएसएसस्टाइलव्हॅल्यूच्या पार्स मेथडला प्रॉपर्टीचं नाव आणि स्ट्रिंग द्या. फॉन्ट-साइझ आणि '1.5रेम' दिलंत की सीएसएसयुनिटव्हॅल्यू मिळेल: व्हॅल्यूमध्ये 1.5 हा नंबर, युनिटमध्ये 'रेम'. टक्क्यांचं युनिट मात्र 'पर्सेंट' असं येतं, % चिन्ह नाही. तुलना करताना इथे हमखास गोंधळ होतो. विड्थसाठी तुमचं कॅल्क दिलंत तर सीएसएसमॅथसम येईल आणि त्याच्या व्हॅल्यूजमध्ये दोन्ही पदं सुटी दिसतील. स्ट्रिंग चुकीची असेल तर टाइपएरर. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तीच स्ट्रिंग एलिमेंटच्या स्टाइलवर ठेवली असती तर ब्राउझरने चकार शब्द न काढता ती सोडून दिली असती.

आता पुढचा प्रश्न येणारच: रेमचे पिक्सेल कसे करायचे? मिळालेल्या ऑब्जेक्टवर 'टू' मेथड आहे, ती 96 पिक्सेलचा 1 इंच करून देते. रेमवर ती टाइपएरर देते, आणि ते बरोबरच आहे. रेम रूटच्या, म्हणजे पानाच्या एचटीएमएल एलिमेंटच्या, फॉन्ट-साइझवर ठरतं, आणि हा ऑब्जेक्ट कुठल्याच पानाला बांधलेला नाही. त्यासाठी एलिमेंटवर कॉम्प्युटेडस्टाइलमॅप बोलवा: रूट 16 पिक्सेलचा असेल तर 24 पिक्सेल मिळतील. पण विड्थ 50% असेल तर तिथेही 50 पर्सेंटच येईल. प्रत्यक्ष रुंदी हवी असेल तर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट.

रंगांसाठी यावर विसंबू नका. आरजीबीचे आकडे सुटे मिळत नाहीत.

क्रोममध्ये हे 66व्या आवृत्तीपासून (2018) आहे, सफारीत 16.4पासून (2023). फायरफॉक्सने तेव्हाही ते दिलं नव्हतं, म्हणून आधी विंडोवर सीएसएसस्टाइलव्हॅल्यू आहे का ते तपासा आणि नसेल तर गेटकॉम्प्युटेडस्टाइलचा रस्ता ठेवा.