घोडीच्या पायाची जखम चिघळली आहे, टाके उसवले आहेत. कोणतं मलम लावू?

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. घोडी तारेत अडकली, मागच्या पायाच्या नळीवर (पायाच्या खालच्या भागातल्या लांब हाडावर) कातडी फाटली, टाके घातले, सहाव्या दिवशी ते उसवले. आज बारावा दिवस. पू येतो, वास येतो, तुम्ही रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन मलम लावता, तरी जखम मोठीच होतेय. आणि मग हे वाक्य: ‘लंगडणं कमी झालं होतं, पण परवापासून पाय पुन्हा टेकत नाही.’

मलमाचं नंतर बघू. टेकायला लागलेला पाय पुन्हा उचलून धरलाय, म्हणजे डॉक्टरांनी तिला आजच बघायला हवं. उद्या सकाळी नको.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं घोडे सांभाळतोय आणि अशा जखमांच्या उशाशी पुष्कळ रात्री काढल्यात, तेवढ्या बळावर सांगतो. नुसत्या वरवरच्या जखमेत, कितीही पू असला तरी, घोडा सहसा थोडाफार भार टाकतो. तो अजिबात टाकेनासा झाला की संसर्ग सांध्यात किंवा कंडरेभोवतीच्या (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पिशवीत उतरल्याची शंका घ्यायची. नळीच्या वर एक सांधा, खाली एक सांधा आणि मागून खाली गेलेल्या जाड कंडरा. त्यांच्यावर तिथे मांस असं नाहीच, कातडीखाली लगेच सगळं सुरू होतं. जखमेतून पिवळसर, तेलकट, बोटांत धरल्यावर तार सुटणारं पाणी येत असेल तर ते सांध्यातलं वंगण असू शकतं. खात्री करायला डॉक्टर जखमेपासून लांबच्या बाजूने सांध्यात सुई घालून निर्जंतुक सलाइन भरतात आणि ते जखमेतून बाहेर येतं का बघतात. तसं निघालं तर सांधा आतून धुवावा लागतो, आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. वेळेवर धुतलेले सांधे वाचतात. आठवडाभर मलम लावत बसलेले बहुधा वाचत नाहीत.

डॉक्टर येईपर्यंत तिचा ताप घ्या. थर्मामीटरला दोरा बांधा, टोकाला व्हॅसलीन लावा, मागे न थांबता बाजूला उभं राहून गुदद्वारात मोजा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला नाडी लागते, ती स्वस्थ मोठ्या घोड्यात मिनिटाला २८ ते ४४ असते. हे दोन आकडे आणि ‘पाय टेकत नाही’ एवढं फोनवर सांगितलंत की डॉक्टरांना घाई किती ते कळेल. घरात वेदनाशामक पडलेलं असेल तरी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. ते दिलं की लंगडणं झाकलं जातं, आणि आत्ता ते लंगडणंच तुम्हाला काहीतरी सांगतंय.

आता धुण्याबद्दल. हायड्रोजन पेरॉक्साइड आजपासून बंद करा. फेस आला की साफ झाल्यासारखं वाटतं, पण तो फेस जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या पेशीही जाळतो. स्पिरिटचं तेच, बाटलीतून थेट ओतलेल्या आयोडिनचंही तेच. जखम धुवायला सलाइनच चांगलं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, अंदाजाने नव्हे, वजन करून. डॉक्टर जंतुनाशक वापरा म्हणाले तर १० टक्क्यांचं पोविडोन आयोडिन लिटरला १० मिली पुरतं, रंग फिक्या चहासारखा दिसायला हवा. त्याहून गडद म्हणजे जास्त गुणकारी असं नाही.

नुसतं ओतून मात्र भागत नाही. जंतू जखमेवर बुळबुळीत थर धरून बसतात आणि त्या थराखाली औषध पोचत नाही. तो सुटायला थोडा जोर लागतो. ३५ किंवा ५० मिलीची सिरिंज, पुढे १८ नंबरची सुई घट्ट फिरवून बसवलेली, आणि हातभर अंतरावरून तिरका फवारा. लिटर-दोन लिटर सहज लागतं. गाडी धुवायच्या मशीनने एकाला जखम धुताना मी पाहिलंय. तसल्या जोराने घाण आणखी आत जाते. कापसाने घासू नका, तंतू आत राहतात. गॉज वापरा.

भोवतीचे केस कापायचे असतील तर आधी जखमेत पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेल भरा, मग कापा, मग धुवा. कापलेले केस जेलला चिकटून तिच्याबरोबर निघून जातात. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी स्वतःच्या हाताने किती जखमांत केस पेरले असतील कोण जाणे. जखमेखाली जिथून पू ओघळतो तिथे व्हॅसलीनचा थर द्या, नाहीतर चांगली कातडीही सोलवटते.

आता मलम. माझ्या एका घोड्याला दुसऱ्याची लाथ बसली होती, पुढच्या पायाच्या नळीवर. जखम एवढीशी, दोन बोटं मावतील इतकी. मी रोज निगुतीने धुवायचो, पट्टी करायचो. भरत यायची, खपली धरायची, आणि आठ-दहा दिवसांनी मधोमध एक भोक पडून पुन्हा पाणी झिरपायला लागायचं. मी मलम बदललं. मग परत बदललं. चार मलमं झाली, सात आठवडे गेले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मलमांची यादी ऐकूनही घेतली नाही, सरळ एक्स-रे काढला. नळीच्या हाडाची नखाएवढी कपची मरून सुटी झाली होती. लाथेने हाडावरचं आवरण निघालं, तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा गेला आणि तो तुकडा आत काट्यासारखा राहिला. त्यांनी तो काढला. पुढच्या तीन आठवड्यांत जखम मिटली, साध्या सलाइनवर आणि पट्टीवर.

तेव्हापासून ‘जखमेत काय घालू’ असं कोणी विचारलं की मी ‘जखमेत काय राहिलंय’ असं उलट विचारतो. तारेचा तुकडा, लाकडाचा सल, टाक्याचा धागा, मेलेलं मांस, मेलेलं हाड. यातलं काही आत असेल तर जगातलं कुठलंही मलम ती जखम बंद करणार नाही. तुमच्या घोडीचं हाड उघडं पडलं होतं का, ते आठवून बघा. पडलं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मात्र सुटी झालेली कपची एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसायला तीन-चार आठवडे जातात, त्यामुळे आजचा एक्स-रे साफ आला म्हणून विषय संपला असं समजू नका. मेलेलं मांस डॉक्टरांना कापून काढू द्या. बघायला भयंकर वाटतं, पण रोज मेलेल्या मांसावर मलम फासण्यापेक्षा ते बरं.

जखम मोठी होतेय, याबद्दल मात्र थोडा दिलासा. घोड्याच्या पायाची उघडी जखम पहिले दोन आठवडे तशीही रुंदावतेच, कडा ताणाने मागे ओढल्या जातात. त्यानंतर ती आकसायला लागते, आणि कडेकडून नवी कातडी दिवसाला जेमतेम ०.१ मिलिमीटर सरकते. पोटावर-मांडीवर हाच वेग साधारण दुप्पट असतो. म्हणजे काम महिन्यांचं आहे. तुमचे डॉक्टर ‘उघडीच भरू दे’ म्हणाले असं तुम्ही लिहिलंय, ते हयगयीने म्हणाले नसतील. पू झालेली जखम टाक्यांनी बंद केली तर पू आत कोंडतो. दर तीन दिवसांनी जखमेशेजारी मोजपट्टी धरून, त्याच बाजूने आणि तितक्याच अंतरावरून फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही.

पुढे एक दिवस जखम गुलाबी दाणेदार मांसाने भरेल आणि तुम्हाला हायसं वाटेल. मग तेच मांस कातडीच्या पातळीवर न थांबता वर येऊ लागेल, कोबीच्या गड्ड्यासारखं. नळीवर हे हमखास होतं. ते वर आलं की नवी कातडी त्यावर चढू शकत नाही. यावर मोरचूद किंवा जाळणारी पावडर टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. नका टाकू, त्याने फाजील मांसाबरोबर कडेची कोवळी कातडीही जळते. डॉक्टर ते ब्लेडने कातडीच्या पातळीला कापतात. त्यात नसा नसल्यामुळे घोड्याला जवळपास दुखत नाही, रक्त मात्र भरपूर येतं, मनाची तयारी ठेवा. एकदा कापून बहुतेक वेळा पुरत नाही.

पट्टीचे तीन थर: जखमेला न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर कापसाची जाड गादी, त्यावर ताणाची पट्टी, प्रत्येक फेर आधीच्या निम्म्यावर. गादी कमी आणि ओढ जास्त झाली की कंडरेला इजा होते आणि जखमेच्या जोडीला दुसरं दुखणं मागे लागतं. पू भरपूर आहे तोवर रोज बदला, नंतर दोन-तीन दिवसांनी चालतं, पण भिजली किंवा घसरली तर लगेच. बदलताना गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका, उकिडवं बसा, झटकन उठता येतं. म्होरकी धरणारा माणूस तुमच्याच बाजूला हवा. घोडी उभीच राहत नसेल तर मारामारी करू नका, डॉक्टरांना गुंगीचं इंजेक्शन मागा.

चांगल्या पायाकडे कोणी बघत नाही, आणि घात बरेचदा तिथेच होतो. सगळा भार त्यावर पडत राहिला की त्या खुरात लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराला आतून धरून ठेवणारे पापुद्रे सुटायला लागतात. जखम बरी होऊन घोडी त्याने गेली, असंही घडतं. त्या पायालाही आधाराची पट्टी बांधा, खाली जाड मऊ अंथरूण द्या, रोज खुराला हात लावून बघा. खुरावरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना एरवी जेमतेम लागणारी नाडी धडधडत असेल किंवा खूर गरम लागत असेल, तर तो तातडीचा फोन.

धनुर्वाताची लस कधी दिली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. कधीच दिली नसेल किंवा तारीख आठवत नसेल, तर आज डॉक्टर आल्यावर हेच आधी विचारा. चाल ताठरणं, तोंड उघडायला त्रास, शेपूट किंचित वर, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे सरकणं ही लक्षणं आहेत.

अँटिबायोटिक तुम्ही स्वतः टोचता असं दिसतं. पेनिसिलिन प्रोकेनवालं असेल तर सुई मांसात घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते दर वेळी बघा. ते शिरेत गेलं तर घोडी बेभान होऊन उधळते, जीवही जाऊ शकतो. बारा दिवसांत गुण नसेल तर औषधाचं नाव बदलण्याआधी जखमेच्या खोल भागाचा नमुना तपासायला पाठवा, म्हणजे जंतू कशाला दाद देतात ते कळेल. लीद पातळ झाली तर लगेच कळवा, अँटिबायोटिकने घोड्याचं आतडं बिघडू शकतं.

ती बांधून उभी आहे तोवर चंदी (दाणा) निम्म्याहून कमी करा आणि वैरण व पाणी सतत समोर ठेवा. लिदीचे ढीग मोजत चला. उभ्या घोड्याचं पोट तटतं, आणि या सगळ्यात शूळ उठला तर तुमचे हात अपुरे पडतील.

फोन केलात की ताप किती निघाला आणि सांध्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते इथे खाली लिहा. सांध्यात शिरलं असेल तर पुढची पट्टी वेगळी बांधावी लागते.