करंज तेलाचा एस्टर करताना साबण का होतो?

लातूरहून आपण विचारले आहे की, घाण्यावरच्या करंज तेलात मेथॅनॉल व कॉस्टिक सोडा घालून मिथाइल एस्टर (म्हणजे बायोडिझेल) करताना एस्टर व ग्लिसरॉल असे दोन थर पडण्याऐवजी घट्ट लगदा झाला, तर सोडा वाढवावा का. कृपया वाढवू नये; त्याने साबणच वाढेल.

सोडा मेथॅनॉलमध्ये विरघळला की मेथॉक्साइड, म्हणजे प्रोटॉन गमावलेले मेथॅनॉल, तयार होते. ते तेलातील एस्टरच्या कार्बोनिल कार्बनला (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनला) जोडले जाते, ग्लिसरॉलकडील भाग सुटतो आणि त्याने मेथॅनॉलकडून प्रोटॉन घेताच मेथॉक्साइड पुन्हा मोकळे होते. उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) असा परत मिळत राहतो, म्हणूनच तेलाच्या वजनाच्या सुमारे १ टक्का सोडा पुरतो. परंतु तेलात मुक्त मेदाम्ले (ग्लिसरॉलपासून सुटी झालेली आम्ले) असतील तर सोडा आधी त्यांच्याशी संयोग पावून साबण होतो, आणि साबणात अडकलेला सोडा उत्प्रेरक म्हणून परत येत नाही. शिवाय त्यातून पाणी निर्माण होते व ते एस्टरचेही विघटन घडवते. परभणीत मी ताज्या करडई तेलावर ही कृती सहज पार पाडली होती. तेच प्रमाण जुन्या करंज तेलाला लावले तेव्हा ग्लिसरॉल वेगळे झालेच नाही.

म्हणून प्रथम आम्लांक काढावा, म्हणजे १ ग्रॅम तेलातील मुक्त आम्लांना किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते ते फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा दर्शक वापरून पाहावे. तो साधारण २ पेक्षा जास्त असेल तर काम दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात तेलाच्या सुमारे १ टक्का सल्फ्युरिक आम्ल मेथॅनॉलसह वापरून मुक्त आम्लांचेच एस्टर करून घ्यावेत आणि वर येणारा मेथॅनॉल-पाण्याचा थर काढून टाकावा. तेलाच्या मूळ एस्टरवर मात्र आम्ल फार संथ चालते, त्यामुळे आम्लांक उतरल्यावरच सोड्याकडे वळावे, आणि उरलेले आम्ल उदासीन करण्यापुरता सोडा हिशेबात जादा धरावा.

अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते, म्हणून तेलाच्या एका रेणूमागे मेथॅनॉलचे ३ रेणू पुरेसे असले तरी ६ घ्यावेत. १ किलो तेलाला हे सुमारे २२० ग्रॅम होते. मेथॅनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, तेव्हा तापमान ६० अंशांवर ठेवावे. मेथॅनॉल विषारी असून त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून उघडी शेगडी न वापरता गरम पाण्याच्या भांड्यात, हवेशीर जागी काम करावे. आपल्या तेलाचा आम्लांक कळवल्यास सोड्याचे प्रमाण काढून देता येईल.