पिशवीचे दोर ढिले झालेत म्हणतात, खाली येईल का हो?

पाचवा महिना संपत आलेली एक मुलगी आली होती, आत आली पण बसायलाच तयार नाही. म्हणे बसलं की उठताना जांघेत चमक निघते, त्यापेक्षा उभीच बरी. रात्री कूस बदलताना उजव्या बाजूला असं कचकन ओढलं जातं की श्वासच अडकतो, शिंक आली तरी तेच. त्यात कुणीतरी सांगून ठेवलेलं, गर्भपिशवीचे दोर ढिले झालेत, हललीस तर पिशवी खाली येईल. झालं, आठवडाभर पलंगावरच.

मी आधी विचारून घेतलं, रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, थांबून थांबून पोट आवळणं? काहीच नाही. डॉक्टरांनी दोनच दिवसांपूर्वी तपासून 'लिगामेंटचं दुखणं आहे, नॉर्मल आहे' सांगितलेलं, पण लिगामेंट म्हटलं की आपल्याला खेळाडूचा फाटलेला गुडघाच आठवणार ना!

मग कागदावर पिशवी काढली. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन दोऱ्या निघतात, राऊंड लिगामेंट, साधारण 10-12 सेंटीमीटरच्या, त्या जांघेतून थेट योनीच्या बाहेरच्या ओठांपर्यंत उतरतात म्हणून कळ तिथवर जाते. पिशवी वाढते तशा ताणल्या जातात, झटक्यात हललं की ओढ बसते. पण गंमत बघा, दुखतात या आणि पिशवीचा मुख्य आधार या नाहीतच! यांचं काम पिशवी पुढे कललेली ठेवायचं. आधाराचे पट्टे खाली पिशवीच्या तोंडापाशी असतात, काही मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे जाणारे, काही दोन्ही बाजूंना, आणि त्याखाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू.

"म्हणजे दुखतंय ते धरून ठेवणारं नाहीच?" एवढं बोलून ती बसली, हळूच, पण बसली.

मग बाकावर कूस बदलायची प्रॅक्टिस केली. गुडघे वाकवून जवळ घ्यायचे आणि खांदा-कंबर एकदमच वळवायची, आधी खांदा मग कंबर असं पिळायचं नाही. पहिल्यांदा चमक आलीच, दुसऱ्यांदा नाही. शिंक येतेय वाटलं की कमरेतून थोडं पुढे वाकायचं. आणि वर विचारलेलं त्यातलं काहीही झालं, किंवा दुखणं थांबेचना, तर लगेच डॉक्टर, माझी वाट बघायची नाही.

जाताना कागद मागून घेतला तिने. दोर ढिले म्हणणाऱ्यांना दाखवायचा होता.