दिवेलागण रिमोटच्या हाती देताना

टीव्ही, एसी आणि रिमोटवर चालणारे दिवे यांचे संकेत शिकून घेऊन ठरलेल्या वेळी ते स्वतःच पाठवणारी वायफाय युनिव्हर्सल रिमोटची डबी आता अनेक घरांत दिसते. ती आणणे सोपे असले, तरी तिच्याकडून रोज वेळेवर दिवे लावून घेणे तितके सोपे नाही, असे या वेळच्या प्रश्नांवरून जाणवते.

ठाण्यातील एक वाचक : हॉलच्या फॉल्स सीलिंगमधील दिवे संध्याकाळी ७ वाजता लागावेत आणि रात्री ११ वाजता बंद व्हावेत, असे मी लावून ठेवले आहे. आठवडाभर ठीक चालते आणि मग एके दिवशी सगळे उलटे होते. संध्याकाळी अंधार आणि रात्री ११ वाजता झगमगाट! डबी सदोष आहे का?

उत्तर : डबीत दोष नसण्याचीच शक्यता अधिक आहे. आपल्या दिव्यांच्या मूळ रिमोटवर चालू आणि बंद या दोन्हींसाठी बहुधा एकच बटण असावे. असे बटण दिव्याला ‘लाग’ असे सांगत नाही. ‘आता आहेस त्याच्या उलट हो’ असे सांगते. सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातून हा संकेत जातो आणि तो एकेरी असतो, म्हणजे दिव्याने तो ऐकला की नाही, किंवा त्या क्षणी दिवा लागलेला होता की नव्हता, हे डबीला कळण्याची सोयच नसते. पाहुणे आले म्हणून कोणी सहा वाजताच हातातल्या रिमोटने दिवे लावले, तर सात वाजता डबी ते इमानेइतबारे बंद करते आणि अकराला पुन्हा लावते.

म्हणून वेळापत्रक रचताना माझी एकच कसोटी असते : तीच आज्ञा लागोपाठ दोनदा गेली तरी काही बिघडता कामा नये. प्रथम आपल्या रिमोटवर चालू आणि बंद यांची वेगळी बटणे आहेत का ते पाहावे. रंगीत एलईडी पट्ट्यांसोबत मिळणाऱ्या २४ बटणांच्या साध्या रिमोटवर ती असतात. महागड्या झुंबरांच्या रिमोटवर मात्र पुष्कळदा नसतात, हे एक कोडेच आहे. वेगळे बटण नसेल, तर दिवे बंद असताना ‘पूर्ण प्रकाश’ किंवा ‘रात्रीचा दिवा’ यांसारखे बटण दाबून पाहावे. काही दिवे त्यानेच लागतात, आणि ते आधीच लागलेले असतील तर फक्त प्रकाश बदलतो. असे बटण सापडले, तर निदान दिवे लावण्याचे काम त्याच्यावर सोपवता येते.

तेही नसेल, तर रिमोटचा नाद सोडून विजेकडे वळावे. रिमोटने दिवे चालू ठेवून भिंतीवरचे बटण बंद करावे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावावे आणि दिवे आपोआप लागतात का ते पाहावे. लागत असतील, तर बोर्डात वायफायवर चालणारा स्मार्ट स्विच बसवून वेळापत्रक त्याला द्यावे. दिवा बोर्डावरून लावला किंवा बंद केला तरी या स्विचला स्वतःची स्थिती ठाऊक असते, त्यामुळे ‘चालू’ म्हणजे चालूच. घरच्यांनी मात्र मूळ रिमोट कपाटात ठेवून दिवे बोर्डावरूनच लावावेत, नाहीतर स्विच चालू आणि दिवे बंद अशी नवी गंमत होईल.

जाता जाता, संकेत शिकवण्याविषयी. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालावेत, तो डबीपासून पाच ते दहा सेंटिमीटरवर धरावा, बटण दाबून न ठेवता एकदाच टिचकीसारखे दाबावे आणि हे सारे खिडकीतल्या उन्हापासून दूर करावे. रिमोट संकेत पाठवतो आहे की नाही याची शंका असेल, तर त्याचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे; डोळ्यांना न दिसणारी उघडझाप पडद्यावर बहुधा जांभळट पांढरी दिसते.

नागपूरच्या एक वाचक : मुंबईच्या बहिणीने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी ६.४५ ची वेळ लावली. नोव्हेंबरमध्ये त्याआधी तासभर घरात अंधार असतो. दर महिन्याला वेळ बदलत बसायचे का?

उत्तर : मुळीच नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. नागपूर त्या रेषेच्या मुंबईपेक्षा जवळ असल्याने, घड्याळ एकच असूनही आपल्याकडे सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. खुद्द मुंबईतही नोव्हेंबरअखेरीस तो ६ च्या सुमारास, तर जूनअखेरीस ७.२० च्या सुमारास मावळतो. दिवेलागण हा शब्द सूर्याशी बांधलेला आहे, घड्याळाशी नाही. अशा बहुतेक उपकरणांच्या ॲपमध्ये निश्चित वेळेऐवजी ‘सूर्यास्त’ निवडता येतो आणि त्याच्या किती मिनिटे आधी किंवा नंतर हेही सांगता येते. मी स्वतः स्वयंपाकघरासाठी सूर्यास्ताआधी १५ मिनिटे आणि गॅलरीसाठी नंतर १० मिनिटे ठेवतो. झोपायच्या वेळेचे दिवे मात्र घड्याळावरच ठेवावेत. आपण काही सूर्याबरोबर झोपत नाही.

न्यू जर्सीतील एक वाचक : सांगलीला आईवडील एकटे असतात. त्यांच्यासाठी मी इथूनच ॲपवर सूर्यास्ताचे वेळापत्रक लावले, पण दिवे पहाटे सहाला लागतात असे वडील म्हणतात.

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे असणार. ॲपमध्ये ‘घराचे ठिकाण’ आपल्या फोनवरून न्यू जर्सी असे नोंदले गेले आहे. जूनमध्ये न्यू जर्सीत सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्या वेळी सांगलीत पहाटेचे सहा वाजलेले असतात. ठिकाण न बदलता डिसेंबर आला असता, तर दिवे पहाटे तीनला लागले असते. ॲपमधील घराचे ठिकाण आणि टाइम झोन ही दोन्ही सांगलीची करावीत आणि वेळापत्रक पुसून नव्याने लावावे.

दुसरी गोष्ट न विचारता सांगतो. वृद्धांच्या घरात भिंतीवरचे बटण नेहमीसारखे चाललेच पाहिजे. दिवा लावण्यासाठी त्यांना फोन शोधावा लागला, तर ती सोय नव्हे, जाच आहे. रात्री १० नंतर बाथरूमच्या वाटेवर २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर प्रकाशाचा, मंद दिवा सूर्योदयापर्यंत चालू ठेवावा. ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब मध्यरात्री डोळ्यांवर आली की झोप पार उडते.

कोल्हापूरचे एक वाचक : डबी हॉलमध्ये आहे, बेडरूमचे दिवे तिचे ऐकत नाहीत.

उत्तर : ऐकणार नाहीत. अवरक्त प्रकाश भिंतीतून जात नाही. बेडरूममध्ये दुसरी डबी ठेवावी. दिव्याचा रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा असेल, तर त्या लहरी शिकणारी डबी घ्यावी. तिचा संकेत भिंतीपलीकडेही जातो.

नाशिकच्या एक वाचक : स्मार्ट स्विचसाठी बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नाही, असे वायरमन म्हणतो. अर्थिंगच्या वायरवर काम भागेल, असेही तो सुचवतो.

उत्तर : पहिले विधान बरोबर असू शकते, दुसरे धोकादायक आहे आणि ते कदापि ऐकू नये. अर्थिंगमधून रोजचा प्रवाह वाहू दिला, तर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी वारंवार पडू शकेल, आणि अर्थिंग कुठे तुटलेले असेल, तर फ्रिजच्या पत्र्यालाही शॉक लागू शकेल. दिवा बंद असतानाही स्मार्ट स्विच जागा राहावा लागतो, म्हणून त्याला न्यूट्रल हवा. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात तो पुष्कळदा नसतो, पण ज्या बोर्डावर प्लगची सॉकेट आहे तिथे असतोच; तिथून पाइपातून ओढून घेता येतो का ते विचारावे. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात. ते दिव्यातूनच किंचित प्रवाह घेत असल्याने कमी वॅटचे एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतात. दिव्याला समांतर छोटा कपॅसिटर जोडला की हे बहुधा थांबते.

पुण्यातील एक वाचक : या सगळ्याने वीजबिल किती कमी होईल?

उत्तर : जवळजवळ नाहीच. ९ वॅटचा दिवा रोज तीन तास विनाकारण जळत असेल, तर वर्षाला सुमारे १० युनिट जातात. सतत जागा राहणारा एक वॅटचा स्विच वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. सोयीसाठी घ्यावे, बचतीसाठी नव्हे.

रत्नागिरीचे एक वाचक : आकाशकंदिलाला फिरत्या तबकडीचा टायमर लावतो. दिवाळीच्या चौथ्या दिवशी तो तासभर उशिरा लागू लागला.

उत्तर : मधल्या काळात तासभर वीज गेली असणार. या टायमरची मोटर विजेवरच फिरते. वीज नसते तेवढा वेळ तबकडी थांबते आणि पुढे तेवढीच मागे राहते. वीज आल्यावर तबकडी हाताने आजच्या वेळेवर आणावी. हे नको असेल, तर स्मार्ट प्लग घ्यावा, ‘वीज परत आल्यावर’ या पर्यायात ‘बंद’ निवडावे, म्हणजे पहाटे वीज आली तरी कंदील लागणार नाही, आणि प्लग पावसाच्या झडीपासून दूर, गॅलरीच्या आतल्या बाजूला ठेवावा.