वाचकांच्या शंका : विज्ञानासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तिच्या कार्यशाळा

वैज्ञानिक संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आणि त्यासाठी भरणाऱ्या परिषदा व कार्यशाळा यांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या सरांनी परदेशातील एका मोठ्या परिषदेला जोडून होणाऱ्या ‘विज्ञानासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता’ या कार्यशाळेला निबंध पाठवण्यास सुचवले आहे. आमच्या महाविद्यालयात कार्यशाळा म्हणजे दिवसभराची व्याख्याने, बटाटावडा आणि शेवटी प्रमाणपत्र. त्यासाठी चार महिने राबावे का? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : आपल्याकडे ‘कार्यशाळा’ हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. या विषयात मात्र त्याला निराळा मान आहे, कारण ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नावच मुळी एका कार्यशाळेच्या निमित्ताने रूढ झाले. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी १९५५ साली एक प्रस्ताव लिहिला. दहा जणांनी उन्हाळ्याचे दोन महिने एकत्र बसून यंत्राच्या बुद्धीचा विचार करावा, असे त्यात म्हटले होते, आणि १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात ती बैठक झाली. दोन महिन्यांत बरेच काही हाती लागेल ही त्यांची अपेक्षा आज वाचताना हसू येते, पण विषयाला नाव मिळाले ते तिथेच.

न्यूरिप्स ही या क्षेत्रातील मोठी परिषद १९८७ मध्ये डेन्व्हर येथे सुरू झाली. पूर्वी मुख्य परिषद संपली की मंडळी जवळच्या डोंगरांतील स्कीइंगच्या गावी जात आणि सकाळी चर्चा, दुपारी बर्फावरची घसरगुंडी, संध्याकाळी पुन्हा चर्चा असा कार्यक्रम चाले. आता घसरगुंडी उरलेली नाही, मात्र मुख्य परिषदेला जोडून एकेका विषयाच्या कार्यशाळा भरवण्याची पद्धत टिकून आहे. भौतिक विज्ञानांसाठीची कार्यशाळा तिथे २०१७ मध्ये झाली आणि ‘विज्ञानासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता’ याच नावाची २०२१ मध्ये. अशा ठिकाणी बहुधा चार-सहा पानांचा निबंध मागवतात. परीक्षक तो वाचतात, निवडलेल्यांपैकी थोड्यांना व्यासपीठावर बोलण्याची संधी मिळते आणि बाकीच्यांना पोस्टर लावावे लागते. पुष्कळ कार्यशाळांतील निबंध औपचारिक इतिवृत्तात छापले जात नाहीत, त्यामुळे तेच काम पुढे वाढवून नियतकालिकाकडे पाठवता येते. हा नियम प्रत्येक ठिकाणचा वेगळा असल्याने तो आधी वाचून घ्यावा.

तेव्हा राबावे, असेच मी म्हणेन. आणि पोस्टर मिळाले तर व्याख्यान मिळाले नाही म्हणून खट्टू होऊ नये. व्याख्यानानंतर दोन प्रश्न येतात आणि वेळ संपते. पोस्टरसमोर मात्र तुमचा रेणू कधीही न हाताळलेला गणिती आणि तुमचे गणित न कळणारा रसायनशास्त्रज्ञ असे दोघेही उभे राहतात, आणि दोघांना एकाच वेळी पटेल असे उत्तर देताना आपल्या कामातील कच्चे दुवे आपल्यालाच दिसू लागतात.

प्रश्न : २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल संगणकवाल्यांना मिळाले. मग प्रयोगशाळेतल्या माणसाने आता काय करायचे, आणि या मेळाव्यांत जमून चर्चा तरी कशाची करायची? — निवृत्त विज्ञान शिक्षक, गिरगाव

उत्तर : गुरुजी, प्रश्नात थोडा राग दिसतो आणि तो समजण्यासारखा आहे. त्या पारितोषिकाचा अर्धा वाटा संगणकाच्या साहाय्याने नवी प्रथिने रचल्याबद्दल डेव्हिड बेकर यांना मिळाला आणि उरलेला अर्धा प्रथिनांच्या रचनेचे भाकीत केल्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतील दोघांना. पण त्या भाकिताची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, तर प्रयोगशाळेतला माणूस तिच्या मध्यभागी उभा दिसतो.

१९७१ मध्ये प्रथिनांच्या रचनांचा एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला, त्या वेळी त्यात अवघ्या सात रचना होत्या. एकेका प्रथिनाचा स्फटिक तयार करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या, या कामात संशोधकांची वर्षेच्या वर्षे जात. तरीही शोधलेली रचना जगाला खुली करण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला, आणि अर्ध्या शतकात त्या साताच्या पावणेदोन लाखांच्या आसपास झाल्या. हसाबिस व जंपर यांची भाकीत करणारी प्रणाली, म्हणजे अल्फाफोल्ड, शिकली ती या साठ्यावर. हा साठा नसता, तर जगातील सगळे संगणक एकत्र करूनही तिला शिकवायला काही नव्हते.

दुसरी बाब तुमच्या प्रश्नाला थेट भिडते, कारण अल्फाफोल्डची कसोटी एका मेळाव्यानेच घेतली. ‘कॅस्प’ नावाचा हा उपक्रम १९९४ पासून दर दोन वर्षांनी होतो. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने ठरली आहे किंवा ठरत आली आहे, पण अजून प्रसिद्ध झालेली नाही, त्यांची केवळ घटकक्रमाची यादी स्पर्धकांना देतात. स्पर्धक आपापली भाकिते पाठवतात, तटस्थ परीक्षक ती प्रयोगाच्या उत्तराशी ताडून पाहतात आणि मग सारे एकत्र जमून कोणाचे कुठे चुकले यावर बोलतात. उत्तरपत्रिका बंद पाकिटात असल्यामुळे कोणालाही मागाहून ‘मला हे ठाऊकच होते’ असे म्हणता येत नाही. २०२० च्या फेरीत अल्फाफोल्डच्या भाकितांचा मध्यक १०० पैकी ९२ गुणांच्या वर गेला, आणि म्हणून जगाने ते मान्य केले. अशी कसोटी ज्या शाखांनी उभी केलेली नाही, तिथे काय होते ते २०२३ मध्ये दिसले. स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवी संयुगे बनवल्याचा दावा बर्कलीतील एका गटाने केला, तेव्हा घन पदार्थांच्या अभ्यासकांनी क्ष-किरणांचे आलेख पुन्हा तपासून, त्यांत खरोखर नवे असे काही नाही, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप घ्यायला क्ष-किरणांचा आलेख वाचता येणाराच माणूस लागला.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात यंत्राची अचूकता ९८ टक्के आली होती, तरी परीक्षकांनी ‘डेटाची गळती’ एवढाच शेरा मारून निबंध परत केला. म्हणजे काय? — अभियांत्रिकीचे प्राध्यापक, वसई

उत्तर : परीक्षेतील प्रश्न सरावाच्या वहीतही असले, तर मिळालेल्या गुणांना अर्थ राहत नाही, तसाच हा प्रकार आहे. यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेली माहिती आणि त्याला तपासण्यासाठी वापरलेली माहिती यांच्यात कुठेतरी झिरपा राहिला, की अचूकता फुगते. प्रिन्स्टन विद्यापीठातील सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या चुकीची उदाहरणे १७ ज्ञानशाखांत सापडली होती, तेव्हा विद्यार्थ्यांना फार बोलू नये.

मुंबईच्या पावसाचे उदाहरण घ्या. वीस वर्षांच्या रोजच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून त्यांतील काही दिवस तपासणीसाठी बाजूला काढले, तर १२ जुलै शिकवणीत आणि १३ जुलै तपासणीत जातो. लागोपाठच्या दोन दिवसांचे हवामान बरेचसे सारखे असल्याने यंत्राने शेजाऱ्याची वही पाहिल्यासारखे होते. त्याऐवजी सलग काही वर्षे पूर्णपणे झाकून ठेवावीत. तसे केल्यावर आकडा खाली येतो, आणि तो खाली आलेला आकडाच निबंधात द्यावा. शिवाय २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवसाची दुसरी नोंद नसताना सरासरी अचूकता ९८ टक्के असली, तरी त्या एका दिवसाबद्दल यंत्र काय सांगेल, हे तिच्यावरून कळत नाही.

गळती नेहमी आकड्यांच्या वाटणीतच असते असेही नाही. शहरातील एका चर्चासत्रात खाडीच्या पाण्याचे नमुने प्रकाशाच्या वर्णपटावरून ‘स्वच्छ’ आणि ‘प्रदूषित’ असे ओळखणारा प्रकल्प मी पाहिला होता. निकाल थक्क करणारा होता. मागच्या रांगेत बसलेल्या एका ज्येष्ठ प्रयोगशाळा साहाय्यकांनी एवढेच विचारले, की मोजणीच्या उपकरणातला दिवा मध्यंतरी बदलला होता का? स्वच्छ नमुने सगळे जुन्या दिव्यावर मोजलेले आणि प्रदूषित सगळे नव्या दिव्यावर, असे निघाले. यंत्र पाणी नव्हे, दिवा ओळखत होते. तुमच्या विद्यार्थ्यांनी संगणकापुढे बसण्याआधी नमुने कोणी, कधी आणि कशावर मोजले, ही चौकशी करावी.

प्रश्न : मुलाला ‘आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विज्ञान परिषदे’चे ईमेल आले आहे. निबंध दोन दिवसांत स्वीकारला, आता शुल्क भरा म्हणतात. भरावे का? — एक पालक, चेंबूर

उत्तर : नाही. दोन दिवसांत कोणी निबंध वाचून परीक्षण करीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता, नर्सिंग, व्यवस्थापन आणि स्थापत्य अशा सगळ्या विषयांची ‘परिषद’ एकाच हॉटेलात एकाच दिवशी असेल, तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. शंका उरलीच तर समितीतील एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारावे. आपले नाव तिथे असल्याचे खुद्द त्यांनाच माहीत नसते, असेही घडते. खऱ्या परिषदांनाही शुल्क असते आणि ते कमी नसते, पण विद्यार्थ्यांसाठी सवलत किंवा प्रवासासाठी मदत पुष्कळ ठिकाणी असते. इटलीतील त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले सैद्धांतिक भौतिकीचे केंद्र तर विकसनशील देशांतील संशोधकांना आधार देण्यासाठीच उभे राहिले आहे.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे, संशोधक नाही. मुंबईत यातले काही ऐकायला मिळेल का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : मिळेल. पवईच्या आयआयटीत आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तज्ज्ञांसाठीची सत्रे होतात, ती तुम्हाला कदाचित जड जातील. पण टाटा संस्थेचीच माणसे ‘चाय अँड व्हाय’ या उपक्रमात चहाच्या कपाबरोबर सर्वांसाठी विज्ञान सांगतात, आणि तिथे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. याच संस्थेच्या बंगळूरमधील केंद्रातली व्याख्याने यूट्यूबवर घरबसल्या पाहता येतात. मराठीतून ऐकायचे असेल, तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, आणि शिक्षकांना किंवा शाळकरी मुलांना सोबत नेणार असाल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कार्यक्रमांकडेही लक्ष ठेवावे. कुलाब्याला जाताना ओळखपत्र जवळ असू द्यावे, कारण रस्ता नेव्हीनगरातून जातो. चुनाभट्टी किंवा मानखुर्दचा कार्यक्रम रविवारी असल्यास आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाचावी. ही दोन्ही स्थानके हार्बर मार्गावर आहेत.